अजून एक स्टूल मावतं

मी टेबल बोलतोय. अभ्यासाचं टेबल, जेवणाचं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यावर कुणी भाजी चिरायला घेतली की माझं डोकं फिरतं.

सुतारानं मला मुद्दाम अरुंद केलं. समोरासमोर बसून दोघांना नीट भांडता यावं, एवढंच त्याला सांगितलं होतं. कारण हे घर यहुदी. तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ, आणि त्याचा अभ्यास जोडीनं, मोठ्यानं वाद घालत करायचा अशी त्यांची रीत. मुकाट्यानं वाचलं तर त्यांना वाचल्यासारखंच वाटत नाही.

माझे मालक घड्याळजी. त्यांचा जोडीदार शिंपी. संध्याकाळी दुकानं बंद झाली की दोघं माझ्यावर कोपरं टेकायचे आणि जुंपायची. घड्याळजींना नियम हवा, नेमका. शिंपी आधी भलतंच काहीतरी विचारणार. मग घड्याळजी मांडीवर थाप मारणार, "वा रे पठ्ठ्या! काय डोकं आहे!"

शिंपी वारला आणि घड्याळजींनी ग्रंथ मिटला. प्रार्थनागृहातून एक गृहस्थ जोडीला पाठवले, पण ते प्रत्येक गोष्टीला "बरोबर, बरोबर" म्हणायचे. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मला भिंतीला. माझ्यावर इस्त्रीचे कपडे येऊन पडले. फार वाईट दिवस होते ते.

एके दिवशी धाकट्या लेकीनं ते कपडे उचलले. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे. म्हणाली, "बाबा, मी बसते समोर."

"तुला घरापुरते नियम शिकवलेत ना, बाळ? हा वाद वेगळा. त्याला वेगळं डोकं लागतं."

"बसू तर द्या. नाही जमलं तर उठेन, पुन्हा नाव काढणार नाही."

मला ओढून भिंतीपासून पुढे घेतलं. माझाही जीव टांगणीला लागला होता.

प्रश्न असा होता. रस्त्यात कुणाचीतरी वस्तू सापडली. मालकानं आशा सोडली असेल तर ती ज्याला सापडली त्याची. पण ती हरवल्याचं मालकाला अजून कळलंच नसेल तर?

घड्याळजी म्हणाले, "आधी आशा सोडणं म्हणजे काय, ते ठरव."

"आधी सांगा, वस्तू कुठली? पिशवी? तिला गाठ कशी मारली होती? गाठीवरून मालक ओळखेल की, मग तो आशा कशाला सोडेल?"

"झालं! हेच ते बायकी डोकं. मी नियम विचारतोय आणि ही बसली गाठ सोडवत!"

लेकीचा चेहरा पडला. ती उठायला लागली. तेव्हा मला तोंड असतं ना!

पण दारात आई कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. ती म्हणाली, "शिंपीभावजी काय वेगळं विचारायचे हो? कापड कुठलं, शिवण कुणाची, गाठ कशी. तेव्हा बरं वा रे पठ्ठ्या म्हणायचात!"

घड्याळजी तिच्याकडे बघतच राहिले. "तू ऐकायचीस?"

"इतकी वर्षं. कान काय तुम्हाला विचारून उघडायचे?"

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, डोळेही पुसले. मग लेकीला म्हणाले, "बस खाली. ते गाठीचं पुन्हा सांग. आणि हळू नको, भांड माझ्याशी."

तेव्हापासून रोज जुंपते. हल्ली तर लेक नियमावर अडून बसते आणि घड्याळजी पिशवीचा रंग विचारतात. माझी तब्येत झकास आहे, कोपरांनी कडा गुळगुळीत झाल्यात.

फक्त एक मागणं आहे. आई अजून दारात उभी राहूनच ऐकते. मी अरुंद आहे खरा, पण माझ्या टोकाला एक स्टूल सहज मावतं. तिला कुणीतरी बस म्हणा हो.