लाईल पोस्टमाची अकरावी भेट

मार्लिस डायकहाउस आमच्या वर्गात सगळ्यांत मोठी. चव्वेचाळीस वर्षांची. आम्ही बाकीचे सात जण कॉलेजातून सरळ इकडे आलेलो. ती मात्र सतरा वर्षं मस्कीगन गावातल्या एका शाळेच्या जेवणघरात वाढपाला होती. नवरा सोडून गेला, मुलगी लग्न करून टेक्सासला गेली, आणि मार्लिसने समुपदेशनाच्या एम.ए.ला नाव घातलं.

"रांगेत उभं पोर बघितलं की कळायचं, हे सकाळपासून उपाशी आहे का घरून मार खाऊन आलंय," ती मला म्हणाली होती. "म्हटलं, हे आपल्याला येतंय, तर नीट शिकून घेऊ."

दुसऱ्या वर्षी आम्हा दोघींना सरावासाठी एकाच दवाखान्यात पाठवलं. जिन्याखालची एक खोली दोघींत. तिच्याकडे सल्ल्याला आलेला माणूस आत असला की मी बाहेर बाकावर, माझ्याकडचा असला की ती.

लाईल पोस्टमा तिच्याकडे दर मंगळवारी दहाला यायचा. एकसष्ट वर्षांचा, कागद गिरणीतला फिटर. गिरणी बंद पडली होती, बायको दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली होती. उंच, वाकलेला, आणि गमत्या. पातळ भिंतीतून मला ऐकू यायचं.

"बाई, तुम्ही माझंच वाक्य मला परत देता. त्यापेक्षा पोपट पाळला असता, फुकटात काम झालं असतं."

मार्लिस हसायची. पण तिला तेच शिकवत होते. पहिल्या वर्षी ती लोकांना सरळ प्रश्न विचारायची, सल्ले द्यायची, एकदा तर एका रडणाऱ्या बाईला स्वतःचं सँडविच देऊन बसली. डॉ. अ‍ॅबर्नेथी आमच्या प्राध्यापक. त्या प्रत्येक वेळी तांबड्या शाईने लिहायच्या, 'प्रश्न नको. भावना परत दे.' मार्लिसने ते मनावर घेतलं. घरी आरशासमोर बसून सराव करायची. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत ती वर्गात सगळ्यांत तरबेज झाली होती.

दर सत्रात प्रत्येकाने एक ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवायचं असे. माणसाची लेखी परवानगी घ्यायची, नाव बदलायचं, आणि संवाद शब्दन् शब्द उतरवून त्याच्या प्रती सगळ्यांना वाटायच्या. डाव्या बाजूला बोलणं, उजवीकडे कोणतं कौशल्य वापरलं ते. मार्लिसने लाईलची अकरावी भेट निवडली.

आम्ही आठ जण आणि डॉ. अ‍ॅबर्नेथी गोल बसून ऐकत होतो. विसाव्या मिनिटाला लाईल म्हणाला, "काल डफीला बहिणीच्या मुलाकडे दिला. त्यांचं अंगण मोठं आहे." डफी म्हणजे त्याचा कुत्रा.

थोडी शांतता. मग मार्लिसचा आवाज, मऊ, "जिवापाड जपलेलं कुणीतरी हातातून सोडणं जड गेलं असेल."

"हो," तो म्हणाला. "पण आता हलकं वाटतंय."

"हलकं वाटतंय."

"हं. बरेच दिवसांनी."

डॉ. अ‍ॅबर्नेथींनी तिथे मुद्रण थांबवलं. "बघितलंत? तिने घाई केली नाही. त्याला त्याच्या जागी राहू दिलं." मी माझ्या प्रतीवर त्या ओळीशेजारी लिहिलं, 'सुरेख! यावरून मी शिकले.' वर्ग संपल्यावर मार्लिसला कॉफी पाजली. ती लाजली होती.

ऐकवून झालेलं मुद्रण पुसून टाकायचं, या नियमाप्रमाणे शुक्रवारी तिने ते पुसलं.

पुढच्या मंगळवारी लाईलचा निरोप आला, थँक्सगिव्हिंगला मुलगी येणार आहे, या आठवड्यात जमणार नाही. मुलगी आली, टर्की झाली, भोपळ्याचं पक्वान्न झालं, शनिवारी ती परत गेली. रविवारी लाईलने जीव दिला.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या प्रमुख बाईंनी मार्लिसला आत बोलावून सांगितलं. ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली, कोट न काढता. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "नेल, त्याने कुत्रा दिला होता."

मला तेव्हाच समजलं. तोपर्यंत खरंच समजलं नव्हतं.

"पुस्तकात आहे ते," ती म्हणाली. "जीव देण्याआधीची लक्षणं. आवडीच्या वस्तू देऊन टाकणं. अचानक हलकं वाटणं. परीक्षेत मी लिहिलंय, नेल. पूर्ण मार्क मिळाले होते."

"आम्हीही ऐकलं की. सगळ्यांनी ऐकलं."

"पण समोर मी होते. जेवणघरात असते ना, तर चटकन विचारलं असतं, अरे लाईल, डफीला का दिलंस? नुसतं एवढंच. तोंडावर आलं होतं माझ्या. मी गिळलं ते. म्हटलं, प्रश्न नको."

चौकशी झाली. कागद चोख निघाले. जीव द्यावासा वाटतो का, असे दर तीन भेटींनी विचारायचे ठरीव प्रश्न तिने विचारले होते, त्याने 'नाही' म्हटलेलं लिहून ठेवलं होतं. नवव्या भेटीला विचारलं होतं, पुढची पाळी बाराव्याला होती. मार्लिसवर काही ठपका नाही असं पत्र आलं. डॉ. अ‍ॅबर्नेथी वर्गात म्हणाल्या, "मी तीस वर्षं हे काम करते, आणि मी त्याच ओळीवर मुद्रण थांबवून तिचं कौतुक केलं." चष्मा काढून त्यांनी पुसला. मग पुढच्या मुलाचं मुद्रण लावलं, कारण सत्र संपत आलं होतं.

डिसेंबरात लाईलची मुलगी दवाखान्यात आली. जोलीन, माझ्याच वयाची. तिच्याशी बोलू नका असं आम्हाला बजावलं होतं. मार्लिसने ऐकलं नाही, तिला आमच्या खोलीत नेलं. मी उठून जाऊ लागले तर म्हणाली, "थांब."

जोलीनने घडी घातलेला कागद काढला. लाईलच्या सहीच्या परवानगीची प्रत. "बाबांच्या टेबलावर सापडला. यात लिहिलंय, तुम्ही त्यांचा आवाज भरून घेतलाय. माझ्याकडे त्यांचा एक निरोपसुद्धा नाही हो. फोनच्या मशीनशी बोलायला त्यांना लाज वाटायची. काय बोलले ते मला नको. नुसता आवाज हवा. हवामानाबद्दल बोलले असतील तेवढंच द्या."

"पुसलंय," मार्लिस म्हणाली.

"कधी?"

"ते असतानाच. नियम असतो तसा."

जोलीनने मान हलवली. भांडली नाही. कागदाची घडी पुन्हा घातली. दाराशी थांबून म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बाबा म्हणायचे, मंगळवारी बरं वाटतं. त्या बाईला सगळं समजतं म्हणायचे."

ती गेल्यावर मार्लिस खुर्चीत बसून राहिली. माझी अकराची बाई आली, म्हणून मी तिला उठवून बाहेर बाकावर आणून बसवलं. तासाभराने दार उघडलं तेव्हा ती तिथेच, त्याच बसणीत होती.

जानेवारीत तिने नाव काढून घेतलं. डॉ. अ‍ॅबर्नेथी तिच्या घरी दोनदा गेल्या. मी रोज फोन करायचे, मग आठवड्याने, मग ती उचलेनाशी झाली. त्या मे महिन्यात आम्ही सात जणांनी झगे घालून पदव्या घेतल्या. मला त्याच दवाखान्यात नोकरी लागली.

परवा, तीन वर्षांनी, तिला भेटायला गेले. ती आता ब्लूबेरीच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला आहे. केस पांढरे झालेत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर उलट्या क्रेटवर बसलो.

"किती माणसं आहेत तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"चौतीस."

"सरळ विचारतेस ना त्यांना?"

"विचारते. दर वेळी."

"आणि खरं सांगतात?"

मला खोटं बोलवेना. "कळत नाही, मार्लिस. नाही म्हणतात, आणि मी 'नाही' असं लिहिते. ते दाराबाहेर गेले की पुढच्या भेटीपर्यंत मला झोप नसते."

मला वाटलं, ती काहीतरी सांगेल. तिला पूर्वी पोरांचे चेहरे वाचता यायचे. ती माझ्याकडे नीट बघत होती, आणि मला जाणवलं की ती बघतेय खरी, पण आता स्वतःच्या बघण्यावर तिचा भरवसा राहिलेला नाही.

"वाळलीस," एवढंच म्हणाली. मग भोंगा झाला आणि ती हातमोजे चढवत आत गेली.