अकराव्या बाईचं नाव

लेनक्स प्रेस्कॉट कोटाला सरकारी पदक लावून मीटिंगला आला, तिथेच मर्लीनला पहिल्यांदा मळमळलं. सकाळचे दहा, लंडनच्या पेकममधल्या सलूनच्या वरची ती खोली, खालून केसांच्या क्रीमचा वास, आणि हा बाबा थेट राजवाड्यातून उठून आल्यासारखा!

"पस्तीस वर्षांनी 'साइडडोर' मासिक परत निघतंय, मर्लीन. जरा हस की गं."

"हसते. आधी मुखपृष्ठ दाखव."

नव्या संपादक पोरीनं, तेम्वानं, नमुना अंक टेबलावर ठेवला. मुखपृष्ठावर जुन्या अंकातलाच एक फोटो होता. डेप्टफर्डच्या हॉलमध्ये सिनेमासाठी रचलेलं लग्न, चर्चमधून गोळा केलेले अकरा वऱ्हाडी, आणि उजव्या कोपऱ्यात रुंद टोपी घातलेली, मान ताठ ठेवून बसलेली एक बाई. खाली अकरा नावं होती. शेवटचं नाव डोलोरस क्वाशी.

"आणि ही गंमत ऐक," लेनक्स हात चोळत म्हणाला. "अंकाला पैसे देणाऱ्या संस्थेला ही बाई इतकी आवडली की नव्या लेखकांसाठीच्या शिष्यवृत्तीला त्यांनी तिचंच नाव दिलं. डोलोरस क्वाशी शिष्यवृत्ती! पोस्टरं लागलीसुद्धा."

मर्लीननं चहाचा कप खाली ठेवला. 

या मासिकाचा एक नियम होता. काळ्या माणसाचा फोटो छापला की खाली त्याचं नाव हवंच, मग तो गर्दीत पाठमोरा का उभा असेना. 'आणि इतर' हे दोन शब्द 'साइडडोर'मध्ये चालायचे नाहीत. गोऱ्यांची मासिकं आपल्याला 'इतर' म्हणून मोकळी होतात, आपण तसं करायचं नाही, असं तेव्हाचा संपादक, हाच लेनक्स, टेबल बडवून सांगायचा. नावं शोधायचं काम मर्लीनकडे होतं. सलून, चर्च, बसडेपो असं दारोदार हिंडून तिनं शेकडो नावं मिळवली होती. त्या लग्नाच्या फोटोतली दहा मिळाली आणि अकरावं काही केल्या मिळेना. छापखान्याचा फोन खणखणत होता. शेवटी तिनं आत्याचं डोलोरस घेतलं, शाळेतल्या मैत्रिणीचं क्वाशी घेतलं आणि दिलं चिकटवून.

"लेनक्स, डोलोरस क्वाशी नावाची बाईच नाही. ते नाव मी मनानं लिहिलं."

तेम्वानं लिहिता लिहिता हात थांबवला.

"त्या बाईचं नाव इसिल्डा बोवेन. गेल्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये दिसली मला. वय झालंय, पण मान तशीच. शेजारणीला विचारून नाव घेतलं. तिच्याशी बोलायची काही हिंमत झाली नाही."

 लेनक्स चक्क हसला. "अगं, मग अडलंय कुठे? कोणाला कळणार आहे? आणि खरं सांगू, डोलोरस क्वाशी कानाला जास्त बरं वाटतं. पोस्टरवर शोभतं."

"शोभतं? लाज नाही वाटत? टेबल कोण बडवायचं रे, तू की तुझं भूत?"

"आंटी," तेम्वा हळूच म्हणाली, "अंक उद्या छापायला जातोय. पुढच्या अंकात आत एक छोटीशी दुरुस्ती टाकूया ना."

शिसारी आली मर्लीनला. त्या पदकाची, त्या 'छोटीशी'ची, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. ती पर्स आणि नमुना अंक उचलून निघाली, चर्चमधून पत्ता घेतला आणि तडक इसिल्डाच्या दारात.

त्या वस्तीत लग्न झालेल्या म्हातारीलाही मान म्हणून मिसच म्हणायचे. मिस इसिल्डानं दार उघडलं, आत घेतलं, आल्याचं सरबत पुढे केलं. मर्लीननं नमुना अंक तिच्या मांडीवर ठेवला. म्हातारीनं चष्मासुद्धा शोधला नाही.

"हा फोटो माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "तेव्हा मी हॉस्पिटलात नर्स होते. सिनेमासाठी रजा टाकली, परत जाऊन अख्ख्या वॉर्डला सांगितलं, माझा फोटो येणार म्हणून. मासिक आलं, तर तोंड टोपीनं अर्धं झाकलेलं आणि खाली ही डोलोरस. मी आहे, मीच आहे म्हणून घसा फोडला. सगळ्या म्हणाल्या, इसिल्डा, फेकावं तरी किती!"

"मिस इसिल्डा..."

"थांब, झालं नाही माझं. त्या दिवसापासून वॉर्डात माझं नाव डोलोरस. डोलोरस, ती चादर बदल. डोलोरस, इकडे ये. बारा वर्षं, बाई! निवृत्त झाले तेव्हा केकवरही तेच नाव घातलं होतं. नवरा घ्यायला आला होता, त्यानं विचारलं, ही डोलोरस कोण? मला हसावं लागलं."

 छापखान्याची चूक झाली असं सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"मी लिहिलं ते नाव. खरं मिळालं नाही म्हणून खोटं लिहिलं."

 इसिल्डानं मर्लीनच्या पुढ्यातला सरबताचा पेला उचलून आपल्या बाजूला ठेवला.

"मग आता माझं घाल. आणि त्याखाली तुझं. कोणी काय केलं ते सगळं येऊ दे."

मर्लीननं तिथूनच तेम्वाला स्पीकरवर फोन लावला. "तेम्वा, मुखपृष्ठावर घे. उजव्या कोपऱ्यात, टोपी घातलेली, इसिल्डा बोवेन, नर्स. त्याखाली, हिचं नाव ठाऊक नसताना डोलोरस क्वाशी हे खोटं नाव मर्लीन ऑगस्टिन हिनं लिहिलं."

"आंटी, मुखपृष्ठावर? संस्था अंग काढून घेईल. अंकच निघायचा नाही."

"नाही निघाला तर न निघो. नियम मोडून अंक काढायचा असेल तर तो लेनक्सचा, 'साइडडोर' नव्हे. संपादक कोण आहे, तू की तो?"

 पलीकडून कीबोर्डची टकटक सुरू झाली.

"घेतलं," तेम्वा म्हणाली. "लेनक्स अंकल इथेच बसलेत. तोंड बघवत नाहीये."

"आता वाचून दाखव म्हणावं," इसिल्डा म्हणाली.

तेम्वानं वाचलं. इसिल्डा बोवेन, नर्स. पुढे मर्लीनचं नाव आलं तेव्हा मर्लीनला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तिनं नको," म्हातारी म्हणाली. "हिनं वाचावं. मोठ्यानं."

तेम्वानं मजकूर फोनवर पाठवला. मर्लीननं वाचलं.

"परत," इसिल्डा म्हणाली.