चौथ्या रविवारी मदरबोर्ड

वाल्मिक शिरपूरकडचा, चेतन नंदुरबारचा. मसाटच्या एकाच कारखान्यात दोघे कामाला, आणि सिल्वासात सहा वर्षं एकाच खोलीत. आपल्या हाताने कॉम्प्युटर जोडायचा, ही हौस मूळची चेतनची. वर्षभर दोघांनी एकेक भाग आणून खाटेखाली ठेवला. मदरबोर्ड तेवढा राहिला होता. तो कुरियरने आला, तोवर चेतनचं लग्न होऊन तो पूजाला घेऊन जवळच्याच सामरवरणीला राहायला गेला होता.

"उघडू नको भो," चेतन फोनवर म्हणाला. "रविवारी येतो. दोघं मिळून लावू."

तीन रविवार गेले. एकदा त्याचे सासरे आले, एकदा पूजाला ताप आला, तिसऱ्यांदा फोनच नाही. कारखान्यातही चेतनची शिफ्ट बदलली होती. एक आत शिरताना दुसरा बाहेर पडायचा, गेटवर नुसते हात हलायचे.

चौथ्या रविवारी जेवण झाल्यावर वाल्मिकने खोकं उघडलं. मशीनचे जाडजूड बेल्ट बदलणारे हात त्याचे; इतकी नाजूक वस्तू कधी धरलेली नव्हती. फोनवर व्हिडिओ लावून तो जरासं बघायचा, थांबवायचा, तेवढंच करायचा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण त्याने बोर्डवरच्या खुणेशी जुळवला. रॅम दाबताना कट्ट आवाज आला, आणि मोडलं की काय म्हणून त्याने वाकून पाहिलं.

"बसली रे!" तो मोठ्याने म्हणाला, आणि ऐकायला कुणी नाही हे ध्यानात येऊन एकटाच ओशाळला.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून स्क्रू आवळले, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन मात्र काळाच.

त्याने चेतनला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मग कारखान्यात मशीन अडल्यावर करायचा तेच त्याने केलं. सप्लाय बंद करून एकेक वायर हाताने तपासत गेला. प्रोसेसरच्या वर, अगदी कोपऱ्यात, एक जागा रिकामी दिसली. तिची वायर कॅबिनेटच्या मागेच अडकली होती. ती बसवली, पुन्हा बटण दाबलं, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली.

त्याने फोटो काढून पाठवला. संध्याकाळी चेतनचा फोन आला.

"माझ्याशिवाय लावला?"

तीन रविवार थांबलो, असं वाल्मिकच्या ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "विंडोज टाकायचं बाकी आहे ना. ते तुला येतं."

"मग ते तसंच ठेव. पुढच्या रविवारी नक्की."

चेतन खरंच आला. बरोबर पूजाही होती. दोघं नटूनथटून बागेकडे निघाले होते. वाल्मिकने चहा केला. चेतनने स्क्रीनकडे पाहिलं, कॅबिनेटवर थाप मारली, "झकास केलं भो," म्हणाला. विंडोजचं नाव त्याने काढलं नाही. पूजाने घड्याळ पाहिलं तसा तो उठलाच.

वाल्मिक त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आला. कपबशा धुतल्या. मग व्हिडिओ लावून, अडखळत, तासाभरात त्याने विंडोज टाकलं. शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, हा कोण वापरणार?

दोघांची नावं टाकता येतील का, हे त्याने जरा शोधून पाहिलं. मग एका बोटाने आपलं एकट्याचं नाव लिहिलं.