खडीच्या खाणीतलं कुंड

"मुंडी खाली! साती जनी उतरायला लागल्यात!" आसराबुवा ओरडले आणि खाणीच्या काठावरची सगळी पागोटी, टोप्या, पदर एकदम वाकले. मीही मान वाकवली, पण डोळे काही वाकवले नाहीत.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. आमच्याकडं विहीर खणली की काठावर सात दगडांना शेंदूर लावून त्यांना मांडतात. बुवा त्यांना खडीच्या खाणीत बसवणार होते.

त्यांनी आधी एका कोपऱ्यात घागर ओतली. खडीनं ती गटकन पिऊन टाकली. मग खाणीच्या मधोमध खणलेल्या लहानशा कुंडावरची शाल त्यांनी बाजूला केली, हळद उधळली, "खळखळ माये, झुळझुळ माये, बैस माये बैस!" असं घुमत दुसरी घागर ओतली. पाणी राहिलं! दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच होतं. कुस्ती जिंकलेल्या गड्यासारखे बुवा फुलले होते.

"बाई बसली, पानी बसलं! आता सारी खान भरंल. गाळाबिळाची गरज न्हाई."

गाळाचं नाव निघालं आणि सगळ्यांनी कान टवकारले.

लढाईच्या दिवसांत सरकारनं सडकेसाठी आमच्या माळावरची खडी खणून नेली. लढाई संपली, खड्डा आमच्या पदरात राहिला. आमचं गाव म्हसवडच्या अंगाचं, कायम दुष्काळी. उन्हाळ्यात बायका पार शेजारच्या शिवारातून पाणी आणतात. ओव्हरसियर साहेब येऊन म्हणाले, "याचं चांगलं तळं होईल. पण खडी म्हणजे चाळण. तळाला आणि बाजूंना चिकट काळ्या गाळाचा जाड थर द्या, ओला करून बैलांकडून तुडवून घ्या." मग सगळ्या गावानं हिवाळाभर ओढ्याचा डोह उपसला. खडक लागेपर्यंत गाळ काढून खाणीच्या काठावर ढीग घातला.

माझं सगळं त्या ढिगावर होतं. माझे वडील, आबा, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. ते म्हणाले होते, "विजे, तळं झालं की आईची पायपीट सुटंल. मग तू जा रहिमतपूरला मामाकडं, इंग्रजी शिक. न्हाई झालं तर घागर तुला उचलावी लागंल. तिची कंबर आता ऱ्हायली न्हाई." मी तर ए पासून झेड पर्यंत आधीच पाठ करून टाकलं होतं. रोज म्हशीला मोठ्यानं म्हणून दाखवायची. तिनं एकदाही चूक काढली नाही.

पण डोहाचा गाळ म्हणजे आमच्या मुरमाड रानाचं तूप. त्या ढिगाजवळून जाताना प्रत्येकाची चाल मंदावायची.

बुवा उतरले होते लालासाहेबांच्या घरी. गावातलं सगळ्यात मोठं रान त्यांचं. ते म्हणाले, "बुवा म्हंत्यात गरज न्हाई, तर गाळ वाया कशाला घालवायचा? ज्यानं त्यानं आपल्या रानात न्यावा." त्यांच्या गाड्या तोवर जुंपूनच उभ्या होत्या.

"आरं, आदी तळ तर लिंपा!" आबा ओरडले.

"मानसिंगदा, पलटनीत देव इसरून आला जनू!" शेजारचे ज्ञानूकाका म्हणाले. सगळे हसले आणि पाट्या भरायला लागले. आईनंसुद्धा परसातल्या घेवड्याच्या बुडाला दोन पाट्या टाकल्या. "सगळी नेत्यात," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

बुवांचा नेम असा, की आधी आठ दिवस पुरुषांनी तीर्थ घ्यायचं. बायकापोरींची पाळी आली तोवर ढिगाच्या जागी नुसता काळा डाग उरला होता आणि गाळ नांगराखाली गेला होता.

मी ओंजळ तोंडाला लावली आणि थांबले. हा वास मला ठाऊक होता! आमच्या कडब्याच्या गंजीवर आबांनी आणलेली पलटणीची ताडपत्री आहे. पाऊस पडला की ती अशीच वास मारते.

"आई, तीर्थाला ताडपत्रीचा वास येतोय!"

"गप की गं भवाने!"

पण आता कुठली गप्प बसते मी! "बुवा, आसरांना जरा चार पावलं पलीकडं बसवा की."

"पोरी, देवीला हुकूम सोडतीस?"

"हुकूम न्हाई बुवा, इनंती. पानी तर सारीकडंच राहनार हाय न्हवं?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बुवांनी आकाशाकडं पाहिलं. तेवढ्यात मी कोपरापर्यंत हात घातला. वरची बोटभर खडी सरकवली तर खाली गुळगुळीत कापड! काठ सापडला. धरला आणि सगळा जोर लावून ओढला. हळदीचं पाणी एका बाजूनं घसरलं, खडीत शिरलं आणि गडप! माझ्या हातात चिखलानं लडबडलेली हिरवी ताडपत्री लोंबत होती.

"ह्या बगा तुमच्या आसरा!" मी ओरडले.

मला वाटलं, आता जयजयकार होईल. पण पुढं आले ते एकटे आबा. "फसवनूक कळली न्हवं? अजून पावसाला येळ हाय. गाळ परत आना."

सगळ्यांच्या नजरा पायांकडं गेल्या.

"नांगरल्यालं रान खरवडायचं व्हय?" लालासाहेब म्हणाले. "ताडपत्री काय, आसन असंल देवीचं."

"खरं हाय," ज्ञानूकाका लगेच म्हणाले. "आसरा हुत्या. पोरीनं हात घातला, म्हनून गेल्या."

ते वाक्य सगळ्यांनी झेललं. ते मानलं की गाळ परत द्यावा लागत नव्हता. लालासाहेबांच्या छकड्यातनं बुवा गेले, जाताना नारळसुद्धा मिळाला त्यांना.

हस्ताच्या पावसात खाण काठोकाठ भरली. पोरं पोहली, ज्ञानूकाकांनी शेंदूर आणला. आणि दिवाळीपर्यंत तळाची खडी उघडी पडली. लालासाहेबांची ज्वारी मात्र यंदा माणसाच्या डोक्यावर गेली. मी दिसले की बायका म्हणतात, "हिनंच घालवल्या गं."

वाचणाऱ्यांनो, मी पुरावा हातात धरून दाखवला, तरी हरले. म्हणून तुम्हाला सांगते. चमत्कार दिसला की नुसतं पाण्याखाली हात घालून भागत नाही. त्या चमत्कारानं कुणाच्या रानात काय पडतंय, तेही बघा. आपल्या रानात पडत असेल तर दुप्पट नीट बघा. आणि हे सगळं ढीग संपायच्या आधी करा.

रहिमतपूरची शाळा उघडून महिने झाले. मी इथल्याच शाळेत जाते, तेही पाणी लवकर मिळालं तर. आज रांग मोठी होती.