मारबतीच्या दिवशी उतरलेलं विमान

मित्रांनो, माझ्या माथ्यावर एक भोक आहे. तिथे पूर्वी लाल कळ होती. ती कुठे गेली हे सांगायचं, तर सगळंच सांगावं लागेल.

मी कॉम्प्युटरवरच्या लढाऊ विमानांच्या खेळाचा एक जुना दांडा. दुकानात मला जॉयस्टिक म्हणत, घरात मात्र सगळे दांडाच म्हणत. माझा जन्म तैवानच्या कारखान्यातला. बुडाला रबराच्या चार वाट्या, टेबलाला घट्ट चिकटून बसायला. मला डावीकडे लववलं की पडद्यावरचं विमान डावीकडे कलायचं, मागे ओढलं की वर चढायचं. लाल कळ दाबली की गोळ्या सुटायच्या.

सत्त्याऐंशी साली मी नागपूरला, नंदनवन नावाच्या वस्तीत देवरावांच्या घरी आलो. देवराव वायुसेनेतून निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत त्यांचा टायपिंगचा वर्ग चाले, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता. ते वैमानिक नव्हते. विमानांत बॉम्ब आणि गोळ्या भरणं हे त्यांचं काम. एकाहत्तरच्या लढाईत विमान परतलं की ते आधी त्याच्या पोटाखाली वाकून बघत. रिकामं आलं असेल तर काम झालं. भरलेलं आलं तर म्हणत, "फुकट गेलं."

पहिल्या दिवशी माझं काय कौतुक झालं! त्यांचे जुने सोबती दत्तोपंत मला हातात धरून म्हणाले, "काय दांडा आहे गा देवराव! आता तू घरातच लढाई करून राहिला म्हण!"

आणि खरंच लढाई सुरू झाली. दुपारी चारला वर्ग सुटला की देवराव नेमाने बसत. देवापुढे निरांजन लागेपर्यंत पडद्यावर आग पेटलेली असे. पिवळ्या रेघांची विमानं समोरून यायची, देवरावांचा अंगठा माझ्या कळीवर आदळायचा, रेघांचे ठिपके व्हायचे. "मेला! अजून एक!" ते पाठीमागून गाठत, डोंगराआडून मारत, पळणाऱ्यालाही सोडत नसत. स्वतः पेटले तर मूठ माझ्यावरच पडायची. एकदा मला उपटून त्यांनी भिंतीवर फेकलं. माझं बूड तडकलं. त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा बसले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. त्यांनी कधीच विमान उतरवलं नाही. शत्रू संपले, धावपट्टीच्या दोन रेघा दिसू लागल्या की ते खेळाची फ्लॉपी काढून खेळ बंद करत. का, ते मला पुढे कळलं.

त्यांची मुलगी शामला अकरावी-बारावीची पोरगी. बाप जेवायला गेला की ती माझ्यापाशी येई. तिचा हात हलका. मुठीत आवळण्याऐवजी ती मला दोन बोटांनी धरायची. तिला खेळातलं नाही, खरं विमान चालवायचं होतं. फ्लाइंग क्लबचा अर्ज तिने भरून ठेवला होता. फक्त पालकाच्या सहीची जागा कोरी होती.

"काहून नाही करत सही, बाबा?"

"उडवता सगळ्यांलेच येते वं. उतरवता नाही येत." देवराव खाली बघून बोलले. "माझ्या डोळ्यादेखत एक पोरगा आला होता. सगळे बॉम्ब टाकून, रिकामा. मी खुशीत टाळ्या वाजवून राहिलो होतो. अन् चाकं टेकताच जळून गेला. मी धावलो. हात नाही लावता आला त्याले."

शामलाने पडद्यावरच्या विमानाकडे बोट केलं. मग म्हणाली, "जळतं विमान उतरवून दाखवलं तर?"

"तर करीन सही."

त्यानंतर सहा महिने ती आपटत राहिली, मित्रांनो. धावपट्टीवर, डोंगरावर, समुद्रात. मी तिच्यासोबत दोनशेदा तरी मेलो असेन.

पुढच्या वर्षीचा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत. रोगराई, इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळायची ती मोठी बाहुली, पिवळी मारबत, शहरात निघालेली, गल्लीत पोरं ओरडत होती. त्याच दिवशी अर्जाची शेवटची तारीख. शामलाची आई कौसल्याबाई पोळ्याला दाराशी लावलेली पळसाची फांदी उपटून आत आल्या. त्यांचं माहेर भिवापूरचं. घराला पिडणारी वस्तू मारबतीसोबत बाहेर काढायची, ही त्यांच्या माहेरची रीत.

"आज हा दांडा जाते म्हणजे जाते," त्या म्हणाल्या. "रोज घरात मरण होऊन राहिलं. दिवा लावाले बसली का मागून धाडधाड! देव तरी कसा बसन ह्या घरात?"

"माय, एकदा. शेवटचं एकदा," शामला म्हणाली.

"बसू दे तिले," देवराव म्हणाले. "नाही उतरलं, तर दांडाही ने अन् अर्जही."

म्हणजे ती हरली असती तर मी आणि तो अर्ज एकाच आगीत गेलो असतो.

तिने मला दोन बोटांत धरलं. विमान उठलं. तीन शत्रू आले. तिने लाल कळ दाबली, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. देवरावांच्या अंगठ्याने झिजवलेली माझी आतली स्प्रिंग नेमकी आज मोडली होती. मी जीव एकवटला, पण मोडलेली स्प्रिंग जिवाने जुळत नाही.

"मार! काय पाहून राहिली? मार!"

"दबूनच नाही राहिली, बाबा!"

पहिल्या माऱ्यात उजवा पंख फाटला. दुसऱ्यात इंजिन पेटलं. स्पीकर किंचाळू लागला. एक शत्रू अगदी पाठीशी लागला तेव्हा तिने मला एकदम पुढे रेटलं. विमान डोंगराच्या उतारावरून खाली कोसळलं, मग वर चढलं. मागचा तसाच डोंगरावर आपटला. ठिपके उडाले. उरलेले दोघे मागे पडले. तिने वळूनही पाहिलं नाही.

दोन रेघा दिसू लागल्या. सवयीने देवरावांचा हात फ्लॉपीकडे गेला.

"बाबा, हात काढा."

"उडी घे! जळून राहिलं ते! उडी घे, पोरी!" ते पडद्याशी नव्हते बोलत. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या पोराशी बोलत होते.

"नाही घेत."

चाक टेकलं. दुसरं मोडलं. विमान पोटावर घासत, ठिणग्या उडवत, धावपट्टीच्या पार टोकापर्यंत गेलं. आणि थांबलं. स्पीकर गप्प झाला. गल्लीतून आवाज आला, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!"

देवराव वाकले. जुन्या सवयीने त्यांनी पडद्याच्या कडेचा गोळ्यांचा आकडा पाहिला. एकही सुटली नव्हती.

"भरलेलंच आलं," ते म्हणाले. "आलं पण."

त्यांनी अर्ज ओढला आणि सही केली.

कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या. "मग? मारबतीले काय देऊ?"

देवरावांनी टायपिंगच्या यंत्राचा पेचकस घेतला. माझ्या माथ्यावरची लाल कळ उचकटून त्यांनी कौसल्याबाईंच्या हातावर ठेवली. "हे ने."

ती कळ पळसाच्या फांदीसोबत गेली. मी राहिलो. आता शामला सोनेगावच्या विमानतळावर विमान शिकायला जाते, आणि मी तिच्या पुस्तकांच्या फळीवर असतो. कौसल्याबाई रोज माझ्यावरची धूळ पुसतात, दाखवत मात्र नाहीत. संध्याकाळी विमानाचा आवाज आला की देवराव अंगणात जातात आणि चाकं टेकली असतील एवढा वेळ तिथेच उभे राहतात.

मित्रांनो, आपला राग मुक्या वस्तूंवर काढू नका. ज्या मुठीने तुम्ही आम्हाला तोडता, तिच्याच घरचं कुणीतरी एक दिवस आमच्या भरवशावर आकाशात असतं.