हिरीच्या राबातली पोटुशी धरणी

निरीक्षण

धरणीला दिवस गेले होते आणि तिचं पोट बघायला डोळखांबच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. मुरबाडहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. शहापूरचे रिक्षावाले 'धरणीमाता, धरणीमाता' ओरडत माणसं कोंबत होते. रस्त्याखालच्या उतारावर, पाड्याच्या शेवटच्या शेतात, पाल्यापाचोळ्याचा एक ऐसपैस उंचवटा होता. त्यावर हिरवी साडी पसरलेली, ओटीचे नारळ मांडलेले, आणि शेजारी माईक धरून भाविकनाथ महाराज उभे.

"हात ठेव माउली. घाबरू नको. सातवा चालू आहे."

बाई हात ठेवायची. महाराज पलीकडच्या टोकाला अनवाणी पाय हलकेच आपटायचे. आणि बाईच्या तळव्याखालची माती खरोखर हलायची. पोटातल्या बाळानं कूस बदलावी तशी एक मऊ, जड लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मधला नारळ मान डोलवायचा. ज्यांची बाळंतपणं झाली होती त्यांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यांचे डोळे आपोआप भरून यायचे.

आरती झाली की खालच्या बांधात बसवलेल्या दगडी गोमुखातून पाणी वाहू लागे. पाड्याची विहीर तळाला गेलेली, आणि इथे तीर्थ.

"व्हायब्रेशन आहे व्हायब्रेशन," महाराज सांगत. "भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. हे पाणी कुठं जाणार नाय. नववा भरला की आईला पाणी फुटणार, आणि पाड्याला टँकर लागणार नाय. मोबाइल खाली ठेवा, बाळाला रेडिएशनचा त्रास होतो."

उद्देश

ज्ञानेश्वर गोजर सर, शहापूरच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक, महाराजांचं पितळ उघडं पाडायला निघाले होते. घरातून निघताना त्यांनी सांगितलेला उद्देश हा. न सांगितलेला असा, की ते पितळ उघडं पाडत असताना कुणीतरी त्यांना मोबाइलवर शूट करावं.

साहित्य

लाल रेक्झिनची पिशवी. त्यात लोहचुंबक, टेस्टर, लिंबू, रक्तासारखा रंग देणारी पुडी, ग्लिसरीन, मेणबत्ती आणि कागदी कप. कागदी कपात पाणी घेऊन तो मेणबत्तीवर धरला तर पाणी तापतं, पण कप जळत नाही. या प्रयोगाला शाळाशाळांमधून टाळ्या पडत, म्हणून सर तो शेवटी ठेवत. टाळ्यांच्या बाबतीत सर फार शास्त्रशुद्ध होते.

अनुमान

सरांनी उंचवट्याला प्रदक्षिणा घातली. नमस्कारासाठी नव्हे, तपासणीसाठी; लोकांना मात्र ती प्रदक्षिणाच दिसली. टेस्टरचा दिवा लागला नाही. चुंबक हलला नाही. जमिनीला कान लावला, मोटरचा आवाज नाही. जरा उकरून बघू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा महाराजांनी माईकवरूनच, पोटुशीच्या पोटात सुरी घालणार का सर, असं विचारलं आणि गर्दी हसली.

उन्हानं सरांचा घसा सुकला. वर रस्त्याच्या कडेला 'भाविकांसाठी मोफत पाणी' असा फलक लावलेला टँकर उभा होता. त्याचा जाड पाइप उतारावरून खाली मांडवामागे गेला होता. सर टँकरचं पाणी पोटभर प्यायले आणि बाबा कसाही असो, पाण्याची सोय चोख केलीय, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं. पाइप मांडवामागे कशाला जातो, हे त्यांनी विचारलं नाही. ते वायर शोधत होते.

मग महाराजांनी माईक त्यांच्या तोंडाजवळ आणला. "सर, वायर आहे का कुठं?"

"नाही."

"मोटर?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

इथे मराठीत दोन शब्दांचं एक सोपं उत्तर उपलब्ध होतं: माहीत नाही. नोकरीभर सरांनी ते मुलांच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यापायी मुलांना बाकावर उभं केलं होतं. स्वतः कधी वापरून बघितलं नव्हतं.

"भूगर्भातल्या पाण्याचा दाब," सर हात वर करून म्हणाले. "याला आर्टेशियन म्हणतात."

महाराजांनी तो शब्द जन्मात ऐकला नसावा, पण झेलला सराईतासारखा. "ऐका. सर म्हणतात पोटात पाणी आहे. दाब आहे. आपण तरी दुसरं काय सांगत होतो?"

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. डावीकडे महाराज, उजवीकडे हात वर केलेले सर, आणि मध्ये भल्यामोठ्या अक्षरांत: 'विज्ञानही नतमस्तक! ज्ञानेश्वर गोजर सर, बी.एस्सी., बी.एड.' सर संतापले. फोटो बरा आला होता, हे त्यांनी घरात कबूल केलं नाही.

सरांनी तिथून आणलेली तीर्थाची बाटली त्यांच्या पत्नी रेश्माताईंनी उघडली, हुंगली आणि परत बंद केली. "ह्याला आपल्या पडवीच्या प्लास्टिकसारखा वास येतो," त्या म्हणाल्या.

तो खनिजांचा वास आहे, असं सरांनी त्यांना समजावून सांगितलं. सविस्तर सांगितलं.

निरीक्षण, दुसऱ्यांदा

त्या आठवड्यात दारात हिरी येऊन उभी राहिली. धरणी पोटुशी झाली ते शेत हिरीचं. ती आणि तिचा नवरा बुधू अर्ध्या पाड्याबरोबर पडघ्याकडे वीटभट्टीवर गेले होते. जाण्याआधी हिरीनं टहाळ तोडून, पाला नि शेण गोळा करून शेतात राबाचा ढीग घालून ठेवला होता. पावसाआधी येऊन तो पसरायचा, जाळायचा आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप टाकायचं, ही तिकडची दर सालची रीत. यंदा परत येऊन बघते तर ढीग पसरलेला आणि त्यावर देव बसलेला. बुधूला महाराजांनी भगवी शाल दिली होती. जन्मभर डोक्यावर विटा वाहिलेल्या माणसाच्या आता लोक पाया पडत होते. तो घरी जेवायलाही येईना.

हिरी खुर्चीवर बसली नाही. उंबऱ्यातच टेकली.

"मे म्हयन्याच्या एक तारखेला ग्रामसभा हाय, गुरजी. माझी जागा देवस्थानाला द्यायचा ठराव हाय. बुधू अंगठा देल. मी नाय देणार बोलली, तर लोकं म्हणतात, गोजर गुरजी शिकलेला माणूस, तो खोटं बोलंल का?"

सर म्हणाले, बसा, पाणी घ्या.

"रोपाला तेवढीच जागा हाय माझी. राब नाय भाजला तर रोप नाय. रोप नाय तर पावसात पोरांना काय घालू?"

"मी बघतो," सर म्हणाले.

"तुमी बघितलंत," हिरी म्हणाली, "म्हणून तर आली मी."

ती गेल्यावर सरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यावर एक बारीक तेलकट कडं तरंगत होतं, मोरपिसासारखं चमकणारं. झाकण काढून हुंगलं. मग ते पडवीत गेले, स्टुलावर चढले आणि स्वतःच्या घराचं छत हुंगू लागले. समोरच्या बिऱ्हाडानं हे बघितलं आणि फ्लेक्सनंतर हे व्हायचंच होतं, असं मनात म्हटलं.

वास तोच. शिळ्या तळणीचा.

पावसाच्या तोंडावर हायवेवरच्या भंगारवाल्याकडून जाड पांढरं प्लास्टिक आणून पडवीवर बांधायचं, पेंढ्यावर टाकायचं, हे सगळं शहापूर करतं. सरांच्या पडवीवरही ते कित्येक पावसाळे होतं. आज पहिल्यांदा त्यांनी त्यावरची पुसट इंग्रजी अक्षरं वाचली: खाद्यतेलाची पिशवी, एकदाच वापरा, बाण नळाच्या दिशेनं. रोज सकाळी याच अक्षरांखाली बसून सर पेपर वाचत. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत.

कृती

ग्रामसभा मांडवातच भरली. गर्दी एवढी, की सकाळच्या आरतीला महाराजांनी हात सैल सोडून तीर्थ वाटलं होतं. सरपंच पंढरी ठराव वाचायला उठला तेव्हा सरांनी माईक मागितला. आपलाच माणूस, म्हणून महाराजांनी स्वतःच्या हातानं दिला.

सरांनी रात्र खर्ची घालून भाषण तयार केलं होतं. समोर हिरी दिसली आणि त्यातलं एक वाक्य उरलं.

"आधी हिरीला राब भाजू द्या. मग ठराव करा."

महाराज पुढे आले. "पोटुशी बाईला आग लावता, सर?"

"हा राब आहे, महाराज. धरणी दर वर्षी राब सोसते. यंदाच तिला का सोसवेना?"

गर्दीत कुजबुज झाली. मुरबाडच्या टेम्पोला हा प्रश्न कळला नाही, पण पाड्याला कळला. म्हाताऱ्या ठमीनं पदर सावरला आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "आमची सासू भाजायची, तिची सासू भाजायची. जमिनीला आग नाय दावली तर ती रुसते. तू कुठला रे, बाबा?"

महाराज कुठले हे कुणाला माहीत नव्हतं, पण भात लावणाऱ्या मुलखातले नक्कीच नव्हते. पाल्याचा ढीग त्यांना कचरा वाटला होता, फुकटचं पांघरूण. अख्ख्या तालुक्यात जी एकच गोष्ट पावसाआधी हमखास पेटणार, तिच्या खाली त्यांनी देव लपवला होता.

हिरी घमेल्यात निखारे घेऊन आली. तिनं आधी साडी उचलली, घडी घातली. नारळ एकेक करून बुधूच्या मांडीवर ठेवले. "धर," एवढंच म्हणाली. मग वाऱ्याच्या उलट्या अंगानं तिनं निखारे टाकले.

पाला पेटला. आणि नेमकं तेव्हा सरांना आपला कागदी कप आठवला. पाणी भरलेला कप जळत नाही. आत पाण्यानं भरलेली पिशवी असेल, तर तीही जळणार नाही. आपणच टाळ्या घेऊन घेऊन हे सगळ्या तालुक्याला शिकवलंय. आग वर चढत होती. पोट तसंच होतं. महाराजांना धीर आला; बघा, आईला आग लागत नाही, असं त्यांनी सुरू केलं. सरांना वाटलं, दुसरा फ्लेक्स लागणार.

मग वास आला. पाल्याचा नव्हे, बादली जळावी तसा.

सकाळचं तीर्थ सढळ हातानं वाटल्यामुळे पोट जरा उतरलं होतं. कडेच्या सैल घड्यांच्या मागे पाणीच नव्हतं. तिथे प्लास्टिक आक्रसलं, काळं पडलं, फाटलं. 'भस्स' असा आवाज झाला आणि धरणीमाता एका अंगाला बसली. फाटीतून पाणी उसळून उतारावर धावलं, त्यानं आग विझवली, महाराजांच्या काढून ठेवलेल्या चपला नेल्या, आणि बुधू मांडीवरचे नारळ धरून कमरेपर्यंत भिजून बसला. सरांचं दुसरं अनुमानही चुकलं होतं. या खेपेला त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

महाराज टँकरकडे निघाले होते. पंढरीनं त्यांना बसवून ठेवलं आणि पोलिसांना फोन लावला.

आकृती

इथे आकृतीसाठी जागा सोडायची असते. सरांचे हात चिखलात होते, म्हणून शब्दांतच.

परदेशातून तेल जहाजानं येतं, तेव्हा दरवेळी टाकीतूनच येतं असं नाही. हायवेवर ट्रेलरवर दिसते त्या लोखंडी पेटीत एक अवाढव्य प्लास्टिकची पिशवी पसरतात आणि नळानं तेल भरतात. पिशवी फुगते, पेटी भरते, आणि हजारो लिटर तेल त्या पिशवीत डुचमळत समुद्र ओलांडतं. गोदामात तेल काढून घेतलं, की पिशवीची गोधडीसारखी घडी होते. एकदाच वापरायची म्हणून ती भंगारात जाते. महाराज पूर्वी अशाच ट्रेलरवर क्लीनर होते, हे त्यांनी पोलिसांसमोर सांगितलं. पाडा भट्टीवर गेलेला असताना त्यांनी उथळ खड्डा खणला, पिशवी अंथरली, वर थोडी माती आणि हिरीचा पाला टाकला. मोफत पाण्याचा टँकर मांडवामागून पोट भरायचा. पिशवीचा स्वतःचा नळ गोमुखामागे होता. आणि बाळाची लाथ? दुधाची रिकामी पिशवी पाण्यानं भरा, तोंड घट्ट बांधा, वर रुमाल टाका. एका टोकावर हात ठेवून दुसऱ्या टोकाला टिचकी मारा. धरणी तुमच्या ओट्यावरही पोटुशी होते.

दक्षता

लोकांनी सरांना बोलायला सांगितलं. कुणीतरी मोबाइलही वर धरला. हा क्षण सरांनी किती वेळा मनात रंगवला होता. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"हात लावल्यावर तुम्हाला जी लाट जाणवली, ती खरी होती. तुम्ही मूर्ख नव्हता. मूर्खपणा मी केला. मला माहीत नव्हतं, आणि तसं म्हणायची मला लाज वाटली. त्या लाजेवर हिरीची जमीन जाणार होती. यापुढे काही अचाट दिसलं तर हात जरूर लावा, पण खाली काय आहे ते उकरून बघा. जो उकरू देत नाही त्याच्या पाया पडू नका. आणि न उकरता जो समजावून सांगतो त्याच्याही पडू नका, मग तो बी.एस्सी. का असेना."

टाळ्या पडल्या नाहीत. माणसं आपापले नारळ शोधत होती. बुधूनं ओली शाल पिळली, क्षणभर हातात धरली आणि बांधावर वाळत टाकली. मग तो हिरीच्या शेजारी जाऊन पाला उपसू लागला.

"गुरजी," हिरीनं हाक मारली, "सगळा राब भिजला. परत वाळवाय लागंल. भाषण झालं असंल तर या."

मांडवावरही एक फ्लेक्स होता. बुधूनं तो उतरवून शेतात अंथरला. सर पँट दुमडून आले आणि ओला पाला मुठीमुठीनं त्यावर पसरू लागले. आधी महाराज झाकले गेले, मग सरांचा वर केलेला हात, मग पदव्या. दुपारपर्यंत फक्त 'नतमस्तक' एवढं उघडं राहिलं होतं, आणि सर कमरेत वाकून त्यावर पाला टाकत होते.