ड्रायरच्या डब्याची पूजा

आमच्या राइस मिलमध्ये दसऱ्याला सगळ्यांची पूजा होते. मोटार, तराजू, ट्रॅक्टर, पोती शिवायची दाभण, फावडं, झाडू. मालक गेल्यापासून बावीस वर्षं ती मीच करते आणि कोणाला सोडत नाही. पंगतीत एकाला वाढायचं राहिलं तर तो जन्मभर बोलून दाखवतो, मग तो माणूस असो की मशीन.

यंदा माझ्या धाकट्या सुनेनं अट घातली. ज्योत्सना तिचं नाव. वरठीची पोट्टी, डिप्लोमा केलेली, लग्नाआधी तीन वर्षं एका कारखान्यात मशीनचे पॅनल सांभाळून आलेली. म्हणाली, "आई, ड्रायरजवळच्या डब्याले बाहेरूनच कुंकू लावजा. दार उघडू नका."

"काहून? आतल्यानं काय पाप केलं?"

"पाप नाही केलं. नाजूक आहे तो."

"तुह्यापेक्षा?"

"हाव. मी तरी तुमचं बोलणं सहन करते."

हा डबा म्हणजे काय, ते तिनंच मला समजावलं होतं. आमचा तांदूळ उकडा. धान गरम पाण्याच्या टाकीत भिजवायचं, वाफ द्यायची, ड्रायरमध्ये वाळवायचं आणि मग कांडायचं. ड्रायर जास्त तापला तर दाणा तडकतो, कमी तापला तर दमट राहतो. म्हणून ड्रायरला वरपासून खालपर्यंत उष्णता मोजणारी यंत्रं लावलेली आहेत आणि प्रत्येकाची तार या राखाडी लोखंडी डब्यात येते. आत एका पट्टीवर चपटी चपटी मॉड्यूल एकमेकांना खेटून बसलेली. ओळीच्या तोंडाशी एक जरा रुंद. त्याचं नाव बस कपलर. मागच्या सगळ्यांचे आकडे तो ऐकून घेतो आणि एकाच तारेनं तिकडं कंट्रोल रूमला कळवतो. रूमचा हुकूम आला की मागच्यांना सांगतो.

"मंजे आपली गिरजाबाई," मी म्हणाले होते. गिरजाबाई आमची शेजारीण. अख्ख्या गल्लीचं ऐकते आणि चौकात पोचवते.

"तशीच. पण हा पदरचं काही घालत नाही," ज्योत्सना म्हणाली.

ही सून मला आवडते. तिला सांगितलेलं नाही, सुना डोक्यावर चढतात.

डब्याला दोन चाव्या. एक तिच्याकडे, एक माझ्या जुडग्यात. मालकिणीकडे घरातल्या प्रत्येक कुलपाची चावी असावी लागते. पोळ्याच्या सुमारास आमच्या मोतीलालनं त्या डब्याच्या मुठीवर आपला ओला दुपट्टा वाळत घातला. मोतीलाल ड्रायरवरचा जुना माणूस, मिल सुरू झाली त्या दिवसापासूनचा. तरीही मी सगळ्या हमालांसमोर त्याला झापलं आणि वर सांगितलं, "ज्योत्सनाच्या डब्याले ज्याचा हात लागन, त्याले मी घरी बसवीन. मंग तो कोणीबी असो."

तेव्हा हे वाक्य फार चांगलं वाटलं होतं.

दसऱ्याला दोन दिवस मिलची वीज बंद होती. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ताट घेऊन त्या डब्यापुढं उभी राहिले. बाहेरून कुंकू लावलं. मग वाटलं, कोणाच्या घरी जावं आणि दारालाच कुंकू लावून परत यावं, ही कोणती रीत? चावी लावली. ओल्या कुंकवाचं एक बोट कपलरच्या कपाळावर टेकवलं, हात जोडले.

डोळे उघडले तर ते लाल बोट त्या पांढऱ्या मॉड्यूलवर रस्त्यावरूनही दिसावं असं दिसत होतं. म्हणून पदराच्या टोकानं पुसलं. कपलरच्या तोंडावर तिळाएवढ्या पांढऱ्या बटणांची एक ओळ आहे. त्यांच्या फटीत कुंकू बसलं होतं, ते नखानं कोरून काढलं. आरशासारखं लख्ख केलं आणि दार लावलं. देवाचं झालं, सुनेचंही मन राखलं, असं समजून मी घरी येऊन दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मोतीलालनं तिन्ही टाक्यांत उन्हाळी धान भिजत घातलं. नऊ वाजता ज्योत्सनानं ड्रायरच्या डब्याची वीज चालू केली आणि रूममध्ये येऊन बसली. पडद्यावर टाक्यांचे आकडे होते, बॉयलरचे होते. ड्रायरच्या जागी नुसत्या आडव्या रेघा.

ती उठून डब्याकडे गेली. तार काढून बघितली, नवीन तार लावून बघितली, एकेक स्क्रू कसला. कपलरवरचा दिवा लालचा लाल, डोळे आल्यासारखा मिचकत राहिला. अकरा वाजले. ड्रायर चालू नसेल तर भिजलेलं धान टाकीतून काढता येत नाही, एक वाजेपर्यंत काढलं नाही तर ते आंबतं, आणि आंबलेल्या धानाचा वास तांदूळ शिजवला तरी जात नाही. माझ्या मिलचा तांदूळ कोणी हुंगून परत केला, असं आजवर झालेलं नाही.

माझा मोठा मुलगा घनश्याम तेवढ्यात आला. धानाची खरेदी तो बघतो. ज्योत्सनानं चार महिन्यांपूर्वी हे सगळं बसवायला लावलं तेव्हापासून तो वाटच बघत होता, कधी बिघडतं याची.

"एक वाजेपर्यंत सुरू झालं त ठीक," तो म्हणाला. "नाही त ज्योत्सनानं उद्यापासून घरचं पाहावं. रूममधी अतुल बसन आणि ड्रायर पहिल्यासारखा हातानं चालन."

अतुल म्हणजे त्याचा साळा. चांगला पोरगा आहे, बसायला फार चांगला.

"कोणाच्या हातानं?" मी विचारलं.

"मोतीलालच्या. तो दाणा दातानं फोडून सांगत नव्हता का, वाळला का नाही ते?"

मोतीलाल दारातच होता. म्हणाला, "घनश्यामभाऊ, तो दात मागच्या साली गेला. आताची बत्तीशी डॉक्टरनं देल्ली. तिले धानातलं काई समजत नाई."

घनश्याम फोन कानाला लावून बाहेर गेला. ज्योत्सनानं नागपूरच्या इंजिनियरला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. तिकडून त्यानं विचारलं, "अ‍ॅड्रेस बरोबर आहे ना, मॅडम?"

"पाच आहे सर. पहिल्या दिवसापासून पाच. डबा कुलपात असतो, माझ्याशिवाय कोणी उघडत नाही."

"मग कपलरच गेला समजा. नवीन पाठवतो. परवा येईल."

तिनं फोन ठेवला. कपाळाला हात लावून बसली नाही, रडली नाही. नुसती त्या रेघांकडे बघत बसली. मला ते जास्त लागलं.

"अ‍ॅड्रेस मंजे काय व?" मी विचारलं.

"प्रत्येक कपलरले घरासारखा नंबर असतो, आई. ही रूम पाच नंबरले हाक मारते. पाच नंबर ओ देते."

"आणि नंबर बदलला त?"

"मग तो जागीच असतो, पण ओ देत नाही. त्याले वाटते, आपल्याले थोडीच बोलावून राहिले."

"आपोआप बदलते का?"

"नाही. कोणी हातानं बदलवल्याशिवाय नाही."

कुंकू कोरलेलं नख मी पदराखाली झाकलं. सांगावं तर घनश्याम मरेपर्यंत हसेल, हमाल हसतील, आणि ज्या तोंडानं मोतीलालला झापलं ते तोंड कुठं लपवू? न सांगावं तर ही पोट्टी उद्यापासून माझ्याबरोबर भाजी निवडत बसेल, आणि भाजी तिला मुळीच निवडता येत नाही.

मी मधला रस्ता काढला. "म्हणलं, त्या कपलरच्या तोंडावरच्या तिळाएवढ्या पांढऱ्या बटणायकडे एकदा पाह्य ना. सहज."

ज्योत्सनानं मान वळवली. "तिळाएवढी बटणं तुम्ही कवा पाहिली, आई?"

"सपनात."

"सपनात कोणतं बटण हललं, ते दिसलं का?"

"दिसलं नाही. नखाले लागलं."

"सपनात नखंबी होते का?"

"तू आता जातेस का माही उलटतपासणी करतेस?"

ती हसली नाही. पण उठताना तिनं ओठ दाताखाली धरला होता, ते मी बघितलं. मोबाइलचा उजेड घेऊन ती डब्याकडे धावली, मी मागं. आठ बटणांतलं पहिलं आणि तिसरं वर असायला हवं होतं, म्हणजे पाच. चौथंही वर सरकलेलं होतं. म्हणजे तेरा.

"एका बटणानं पाचाचे तेरा? हा कोणत्या शाळेतला पाढा आहे?" मी म्हणाले.

"पहिल्याचा एक, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे चार, चौथ्याचे आठ. जे वर असतील त्यांची बेरीज."

"काल दुपारपासून तेरा, मंग सकाळी काहून बिघडलं?"

"काल वीज बंद होती. हा आपला नंबर वीज आली तेव्हाच वाचते. सकाळी उठला आणि वाचला तेरा." मग हळूच, "काल दुपारी का, आई?"

मी तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं बटण खाली केलं, डब्याची वीज बंद करून पुन्हा चालू केली. लाल दिवा दोनदा मिचकला आणि हिरवा झाला. रूममध्ये रेघा गेल्या आणि आकडे आले, एकाखाली एक, पोळ्याला बैल उभे राहावे तसे. सव्वाबारा झाले होते. मोतीलालनं पहिल्या टाकीचं पाणी सोडलं.

घनश्याम आत आला. पडदा बघितला. त्याला आनंद झाला असावा, पण त्यानं तो ठेवून घेतला.

"काय झालं होतं?"

"नंबर सरकला होता, भाऊजी," ज्योत्सना म्हणाली.

"कसा काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघितलं. "सरकते कधी कधी."

पोट्टीला खोटं बोलता येत नाही. भाजी निवडण्यासारखंच ते.

"मंजे उद्याबी सरकन," घनश्याम म्हणाला. "परवाबी सरकन. आज आपलं धान वाचलं, उद्या वाचन का? असल्या भरवशावर मिल चालवाची नाही. मी अतुलले सांगून देल्लं, तो सकाळी येऊन राहिला. ज्योत्सना, तू त्याले चाव्या दे, काय समजवाचं ते समजव, आणि झालं."

ज्योत्सनानं टेबलावरची वही बंद केली, वहीवर पेन ठेवला, आणि पेन सरळ केला. वाकडा नव्हता तो.

"सरकत नाही ते," मी म्हणाले. "मी सरकवलं."

"तू?"

"हाव, मी. काल डबा उघडला, पूजा केली. मंग ते कुंकू नखानं कोरून काढलं. मशीनचा काई दोष नाही आणि हिचाबी नाही. हिनं उघडू नका म्हणून सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. झालं तुह्यं समाधान?"

घनश्यामनं आधी हसू दाबलं, मग दाबता आलं नाही तेव्हा खुर्चीची पाठ धरून हसला. मोतीलाल दारात फावडं टेकून उभा होता. तो फार अदबीनं म्हणाला, "बाई, घरी कवा बसता मंग? आज, का उद्या सकाळपासून?"

"मी घरी बसली त तुह्या बत्तीशीले टोस चहात बुडवून कोण देईल?"

"ते बी खरंच आहे. पण कोणीबी असो म्हणलं होतं तुम्ही."

"म्हणलं होतं. नाही कोण म्हणते? हे पाहा, बसते घरी." आणि मी खरंच पदर खोचून दाराकडं निघाले. बोललेलं फिरवायची सवय आमच्या घरात पुरुषांना आहे, मला नाही.

"घरी नका जाऊ," ज्योत्सना मागून म्हणाली. "मले आता दोन तास वाफेपाशी उभं राहावं लागते, धान उशिरा निघालं म्हणून. इथं पडद्यापुढं कोणीतरी पाहिजे. तुम्ही बसा."

"मी? चौथी शिकलेली बाई?"

"आकडे वाचता येतात ना? हा ड्रायरचा वरचा आकडा नव्वदच्या वर जाऊ लागला की मले हाक मारजा. बस, इतकंच. आणि आई, कशालेच हात लावू नका."

शेवटचं वाक्य तिनं सगळ्यांसमोर म्हटलं. मी ऐकून घेतलं. दिवसभरात एखादं ऐकून घ्यावं, पचतं.

तिची खुर्ची फिरते, हे मला माहीत नव्हतं. एकदा फिरून मग मी नीट बसले. घनश्याम अजून तिथंच, हातात फोन.

"माय, अतुलले काय सांगू?"

"सांग, खुर्ची रिकामी नाही. आणि चपला बाहेर काढ, इथं धूळ चालत नाही."

"हे कोणी सांगितलं तुले?"

"मीच सांगून राहिली. पाहा, शहाऐंशी झाले. मधात बोलू नोको."

त्यानं चपला काढल्या. बाहेरून वाफेचा फुसकारा आला, ओल्या धानाचा गोड वास आला, आंबूस नव्हता. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वदला मी ज्योत्सनाला हाक मारली. वाफेच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. मी घनश्यामला दारात पिटाळलं, त्यानं मोतीलालला ओरडून सांगितलं, मोतीलालनं तिला जाऊन सांगितलं, तिनं वाफ कमी केली, आणि आकडा पुन्हा खाली उतरायला लागला.